माझी पाठ कुणी वाचलीच नाही

बोलू का? बोलतोच, कारण विचारायला कुणी येणार नाही. मी एका गाडीच्या विम्याचा कागद. मुदत संपलीय, कडा कापल्यात, पण तोंड अजून शाबूत आहे.

एजंटच्या ऑफिसातल्या प्रिंटरमधून मी बाहेर पडलो तेव्हा अंग कोमट होतं. पुढच्या बाजूला गाडीचा नंबर, मालकाचं नाव, तारखा, शिक्का. आणि पाठीवर बारीक अक्षरात माझं खरं बोलणं. मी कुणाचं काय भरून देणार आणि काय देणार नाही, ते सगळं तिथं.

माझा मालक फरशी बसवणारा. डिकीत फरशी कापायचं कटर, घमेलं, रबरी हातोडा. गाडी उभी राहिली की त्याचं कामही उभं राहतं. अशा गाडीचा विमा काढताना हा माणूस एजंटला काय म्हणाला? "सगळ्यात स्वस्तातला द्या. पोलिसाला दाखवण्यापुरता." मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

घरी त्याच्या बायकोने मला हातात घेतलं. कडेवर पोर, मनात काळजी.

"अहो, आपली गाडी ठोकली तर भरून मिळेल ना?"

"मिळेल गं. विमा म्हणजे विमा."

"मागे बरंच काही लिहिलंय. वाचा ना जरा."

"सगळ्यांच्याच मागे असतं ते. तुझं चाललं तर तू भाजी चिरायच्या सुरीचापण विमा काढशील!"

तो आपल्याच विनोदावर हसला. ती हसली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीने माझ्यावर दूध सांडलं. एक थेंब, फार तर दोन. तेवढ्यावरून साहेब मला लॅमिनेशनच्या दुकानात घेऊन गेले. मला एकट्याला करावं की नाही? नाही! गाडीच्या नोंदणीचा कागद माझ्या पाठीला पाठ लावून ठेवला आणि दोघांना एकाच प्लॅस्टिकमध्ये घातलं. गरम रुळांमधून निघालो तेव्हा माझं सगळं बोलणं आत कोंडलेलं होतं.

"बघ, एकात दोन!" त्याने घरी कौतुकाने दाखवलं.

बायको मला उलटसुलट करत राहिली. "अहो, पण मागचं आता वाचायचं कसं?"

"वाचायचंय कशाला?"

मग आठ महिने मी गाडीच्या खणात. सोबत चिकट गोळ्या आणि तुटक्या मुठीचा पाना. उकडलं की माझा पंखा व्हायचा. एकदा तर काचेवरची कावळ्याची घाण माझ्या कोपऱ्याने खरवडली. म्हटलं, अरे, मला वाच! एकदा तरी वाच! प्लॅस्टिकच्या आतून ऐकू जाणार कुणाला?

आणि एका दुपारी वळणावर सायकलवरचे एक आजोबा समोर आले. मालकाने ब्रेक दाबला, गाडी वळवली, तरी सायकलचं मागचं चाक सापडलंच. आजोबा पडले, मांडीचं हाड मोडलं. गाडीचं तोंड विजेच्या खांबात घुसलं. मालकाला खरचटलंसुद्धा नाही.

संध्याकाळी एजंट घरी आला. "आजोबांच्या भरपाईचं कंपनी बघेल, दादा. कागदपत्रांना वेळ लागेल, पण ते होईल."

मालकाने सुस्कारा सोडला. मलाही बरं वाटलं. ते माझं काम होतं आणि मी ते करणार होतो.

"आणि माझी गाडी?"

"गाडीचं नाही मिळणार. तुमचा विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा."

"कुठं लिहिलंय?"

"मागच्या बाजूला."

सगळ्यांनी मला उलटं केलं. मागे नोंदणीचा कागद. बायकोने पोरीला खाली ठेवलं, कात्री आणली आणि माझ्या कडा कापल्या. सोलताना मी थोडा फाटलो. फाटू दे! तिने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "स्वतःच्या वाहनाचे नुकसान समाविष्ट नाही." मग नवऱ्याकडे बघितलं. माझ्या आठ महिन्यांच्या ओरडण्यात जे नव्हतं, ते त्या बघण्यात होतं.

दोन महिने गाडी गॅरेजात आणि कटर मालकाच्या खांद्यावर, बसमध्ये. लांबची दोन कामं हातची गेली.

नवा विमा काढायला ती स्वतः बसली. "गाडी ठोकली तर? चोरीला गेली तर? पाणी शिरलं तर? चालवणाऱ्याला लागलं तर? मागे बसलेल्या पोरीला? आणि डिकीतलं कटर?"

"कटर नाही येत त्यात, वहिनी," एजंट घाम पुसत म्हणाला.

"मग हे आधी सांगायचं ना, भाऊ!"

नवा कागद आता खणात आहे. साध्या पिशवीत, दोन्ही बाजू मोकळ्या, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. खरं सांगू? मला हेवा वाटतो त्याचा.

मला मात्र तिने फेकलं नाही. उन्हासाठी डोळ्यांपुढे ओढायची फळी असते ना, तिथं मला चिकटपट्टीने लावलंय. ऊन आलं की मालक फळी खाली ओढतो आणि मी समोर येतो.

उलटा. पाठ त्याच्याकडे करून. आता वाच म्हणावं.