खिळ्यावरचा बिल्ला, नंबर चारशे सतरा

मी पितळेचा बिल्ला बोलतोय. सोन्याच्या खाणीत जन्म काढला, पण सोन्याचं कौतुक मला सांगू नका. डोकं फिरतं माझं.

कर्नाटकातल्या त्या खाणीत गोऱ्या साहेबाने मला घडवून घेतलं. काम साधं. खाली उतरताना मजुराने मला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचं, वर आला की काढून घ्यायचं. मी खिळ्यावर, म्हणजे माणूस जमिनीखाली. माझा पहिला धनी मेणबत्ती घेऊन उतरायचा, दुसरा कंदील. तिसऱ्याच्या, सोलापूरकडच्या चिंतामणीच्या, टोपीवर विजेचा दिवा आला. दिवे सुधारले, खोकला तोच राहिला. ढीगभर दगड फोडावा तेव्हा चिमूटभर सोनं निघे. त्यातलं गुंजभरही यांच्या बायकांच्या गळ्यात मी पाहिलं नाही.

खाण बंद पडायच्या काही वर्षं आधी खालचा बोगदा ढासळला. "सगळे वर आले," तेव्हाच्या खाणीच्या साहेबाने सांगून टाकलं. अहो, मी खिळ्यावर होतो! चिंतामणीची बायको बकुळा माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होती. साहेबाने मला काढून तिच्या हातात कोंबलं. "काढायला विसरून गेला असेल कुठे." शोध तिथेच थांबला. मेल्याची जीभ कशी झडली नाही!

बकुळा लेकीला घेऊन मोरिवलीला, कारखान्यांच्या वस्तीत, भावाकडे आली. लेक संजीवनी मोठी होऊन केमिकलच्या कारखान्यात लागली. ती कामाला निघाली की बकुळा मला दाराच्या खिळ्याला अडकवायची, परतली की काढायची.

"आई, दे ना हे भंगारवाल्याला," संजीवनी चिडवायची.

"तू आधी घरी येत जा," बकुळा म्हणायची.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कारखान्याला आग लागली. बकुळाने मला खिळ्यासकट उपटलं आणि पळत फाटक गाठलं.

"मावशी, टेन्शन नका घेऊ. सगळे बाहेर आलेत," कंत्राटदार म्हणाला.

तेच वाक्य! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा बिल्ला खिळ्यावर होता. माझी पोर आत हाय! उघड फाटक, नाय तर मी चढून जाते!" बकुळा कडाडली. वस्तीतल्या बायकांनी फाटकाला हात घातला. मागच्या गोदामात संजीवनी आणि आणखी एक पोरगी कोंडलेल्या सापडल्या, धुराने काळवंडलेल्या, पण जिवंत.

मग बायकांनी भांडून कारखान्याच्या फाटकावर बिल्ल्यांची फळी लावून घेतली. संजीवनीचा स्वतःचा बिल्ला आता तिथे लटकतो.

आमच्या दारातला खिळा तिनेच पुन्हा ठोकला आणि मला त्यावर अडकवलं. बकुळा सवयीने काढायला आली, तर संजीवनी म्हणाली, "राहू दे, आई. बाबा अजून वर आले नाहीत."

तेव्हापासून मी इथेच आहे. तुम्ही सोनं घ्यायला जाल, तेव्हा सराफाला एवढं विचारा: सगळे वर आले का?