दुसऱ्या नंबरचा रिमोट

"तिला काय विचारायचं? तिचं कशावरच काही म्हणणं नसतं."

आदिनाथ हे हसत हसत बोलला. मनात वाईट असं काही नव्हतं त्याच्या. पण दाराच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याच्या अलीकडं त्याचे दोन मित्र बसले होते आणि पलीकडं त्याची बायको ज्ञानेश्वरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. ट्रेमधला एक कप किणकिणला, तो तिनं अंगठ्यानं दाबून धरला. मग चार पावलं मागं गेली आणि बांगड्या मुद्दाम वाजवत पुन्हा आली. जणू आत्ताच येते आहे.

हे कुणीच पाहिलं नाही. मी पाहिलं. बोलतोय तो मी, त्यांच्या टीव्हीखालच्या खणातला, दुसऱ्या नंबरचा गेमचा रिमोट. दुकानदार मला कंट्रोलर म्हणतात, घरात सगळे रिमोटच म्हणतात. आणि मी ते पाहिलं याचं कारण एवढंच, की खण पुरता लागत नाही. बोटभर फट राहते. माझ्या वाट्याला आलेलं जग त्या फटीएवढंच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. मला आठवतं ते पैठण गेटजवळच्या दुकानापासून. साल दोन हजार सोळा. उन्हाळा असा, की दुकानदार गिऱ्हाइकाला पाणी विचारताना आवाज बारीक करायचा. आदिनाथ, चिन्मय आणि अमेय असे तिघं इंजिनिअरिंगचे मित्र आले आणि मला घेऊन गेले. पावतीवर गावाचं नाव औरंगाबाद लिहिलं आहे. गावाच्या पाट्या बदलल्या, पावती अजून तीच आहे.

मला आणलं ते 'कारवाँ'साठी. तुम्ही खेळला नसाल तर सांगतो. वाळलेल्या मुलखातून एक तांडा चालला आहे, पाण्याच्या शोधात. पुढं तांड्याचा सरदार, मागं पखाल घेतलेला भिस्ती. पहिला रिमोट सरदाराला चालवतो. दुसरा, म्हणजे मी, भिस्त्याला. सरदाराला तलवार आहे, घोडा आहे, डाकूंशी लढाया आहेत. भिस्त्यानं विहिरीवर पाणी भरायचं आणि मागं मागं चालायचं.

पहिल्या दिवशीच अमेय म्हणाला, "ही हमाली कोण करणार यार?" कुणीच केली नाही. भिस्त्याला मशीनवर सोडून दिलं, तो आपोआप मागं येत राहिला. तिघं आळीपाळीनं सरदार व्हायचे. पहिल्या रिमोटची बटणं घासून गुळगुळीत झाली, माझं रबर नव्यासारखं राहिलं. लोक म्हणतील, नशीबवान. त्यांना खणात ठेवून बघा.

पुढं माझे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. माझ्या जिवावर घराची वेळ चालायची, आणि मी खाली पालथा पडून टिकटिक ऐकायचो.

वर्षं गेली. बायपासच्या बाजूला इमारती उगवल्या, पैठण रोडच्या कडेला माणूस उभा मावेल एवढाले पाइप येऊन पडले. नळाला पाणी मात्र आठव्या दिवशीच. आदिनाथला वाळूजला नोकरी लागली, सिडकोत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर झालं, 'कारवाँ'चे तीन भाग झाले आणि गेल्या मार्गशीर्षात लग्न झालं.

ज्ञानेश्वरी फर्दापूरच्या बाजूची. तिचे वडील, आप्पा, अजून मेंढरं राखतात. तिच्या घरी आठ माणसं, शंभर मेंढरं आणि दोन कुत्री. इथं सकाळी आठला कंपनीची बस आदिनाथला घेऊन जायची आणि संध्याकाळी सातला परत टाकायची. मधल्या वेळात घरात ती आणि टिकटिक. रविवारी मित्र यायचे. ती दाराशी पाटावर बसून लसूण सोलत खेळ बघायची. कुणी तिच्याकडं बघायचं नाही, म्हणून तिला सगळं नीट दिसायचं.

पाण्याच्या दिवशी ती एकदाच जरा मोठ्यानं बोलायची, फोनवर.

"पाणी आलं का गं?" आप्पा तिकडून ओरडून विचारायचे. मेंढरांच्या आवाजात त्यांना हळू बोलायची सवयच नाही.

"आज येणार हाय. दुपारी."

"मंग उरलेलं ओतून नको देऊ. झाडाला घाल."

"व्हय आप्पा. तुम्ही दर खेपेला सांगता."

"तू दर खेपेला आईकती, म्हणून सांगतो."

आप्पांची ही रीतच होती. विहिरीवर गेलं की पिशवीत उरलेलं पाणी आधी जवळच्या झाडाच्या मुळाशी घालायचं, मग नवं भरायचं. इथं मात्र नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली ड्रम पालथे करते. शिळं पाणी झालं ना ते! आतल्या खोलीत टीव्हीवर टँकरच्या बातम्या चालू, आणि बाहेर पंधरा मिनिटं गटार वाहतं आहे. आदिनाथही पाण्याच्या दिवशी कंपनीत जाण्याआधी सकाळीच ड्रम पालथा करून जायचा. ज्ञानेश्वरीनं पहिल्याच वेळी पाहिलं आणि पुढच्या खेपेपासून तो उठायच्या आत जुनं पाणी बादलीबादलीनं खाली नेऊन गेटजवळच्या कडुलिंबाला घालू लागली.

संक्रांत झाल्यावर अशाच एका पाण्याच्या दिवशी, नळाची वाट बघत असताना, तिनं खण उघडला. पहिल्या रिमोटला हात लावला नाही. तो 'ह्यांचा'. मला उचललं, उलटंसुलटं पाहिलं, आणि घड्याळाकडं बघितलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं. स्टुलावर चढून तिनं घड्याळातले सेल काढले आणि माझ्यात घातले.

किती वर्षांनी माझ्या अंगात जीव आला! तिनं खेळ लावला आणि भिस्त्यानं पखाल भरली तेव्हा मी थरथरलो. तशी माझी घडणच आहे. तिनं घाबरून मला गादीवर टाकलं. मग एकटीच हसली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पण अडचण होती. सरदार जागचा हलला नाही तर भिस्त्याला पुढं जाता येत नाही. मग तिनं पहिल्याही रिमोटला हात घातला. दोघंही मांडीवर. त्याला उचलून सरदाराला दहा पावलं न्यायचं, त्याला ठेवायचं, मला उचलून भिस्त्याला दहा पावलं न्यायचं. पुन्हा तो, पुन्हा मी. कधी सरदाराला म्हणायची, "थांबा की, मागं माणूस हाय." कधी भिस्त्याला म्हणायची, "चल बाबा, त्यांना नाय कळायचं." दोघांचा खेळ ती एकटी खेळायची. मी खणात एकटा होतो तेव्हा मला वाटायचं, एकटेपणाची ही एकच जात असते.

नळ आला की ती उठायची. जाण्याआधी सेल घड्याळात, घड्याळ मोबाइलवर बघून जुळवलेलं, मी खणात, होतो तसाच पालथा.

इकडं रविवारी वेगळंच रण पेटलं होतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळ्या विहिरी आटतात, तांडा वाळूत बसतो आणि पडदा काळा होतो. कंपनीनं जगभरातल्या चाहत्यांना विचारलं होतं, चौथा भाग काढायचा की इथंच थांबायचं? एका मशीनला एक मत. मशीन तिघांचं मिळून एक, त्यामुळे तिघांचं एकमत व्हायला हवं.

"थांबवा," चिन्मय म्हणायचा. "तांडा संपला, गोष्ट संपली. आता ताणलं की वाट लागणार."

"संपली? सरदार मेलेला दाखवलाय का? बैठा है वो. बसलाय फक्त!"

"वाळूत बसलेला माणूस किती दिवस जगतो, अमेय?"

"तुझा बॉस जगतोय की एसीत बसून."

आदिनाथचं मत रविवारागणिक बदलायचं. अशाच एका रविवारी अमेय म्हणाला, "वहिनींनाच विचारू मग." आणि त्यावर आदिनाथ ते बोलला, जे मी सुरुवातीला सांगितलं.

त्या आठवड्यात ती पाण्याच्या दिवसाची वाट बघत बसली नाही. रोज खेळली. बोलली मात्र एकदाही नाही, सरदाराशी नाही, भिस्त्याशीही नाही. तिच्या अंगठ्याचा घाम माझ्या रबरात मुरला. गुरुवारी ती तिसऱ्या भागाच्या शेवटापाशी पोचली. विहिरी आटल्या, तांडा बसला. पण पडदा काळा झाला नाही.

झालं असं होतं. या तिघांनी मशीनवर सोडलेला भिस्ती प्रत्येक विहिरीवर पखालीतलं जुनं पाणी ओतून द्यायचा आणि नवं भरायचा. शिळं पाणी कशाला वाहायचं? ज्ञानेश्वरीनं मात्र प्रत्येक विहिरीवर उरलेलं पाणी जवळच्या वाळक्या झुडपाला घातलं होतं. त्याचे गुण मिळत नाहीत, खेळ तसं सुचवतही नाही. आता मागं वळून बघितलं तर आलेल्या वाटेवर झाडं उभी होती, ओळीनं, थेट पहिल्या विहिरीपर्यंत. सरदार उठला आणि परत फिरला. तीन भागांत पहिल्यांदाच भिस्ती त्याच्या मागं नव्हता. शेजारून चालत होता.

मग तिनं मला खणात ठेवलं नाही, मशीनवर उघड्यावर ठेवलं. सेलही काढले नाहीत.

रविवार आला. मत द्यायची मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. घड्याळात गुरुवारपासून सव्वादोनच वाजलेले.

"सेल गेले वाटतं," आदिनाथ म्हणाला आणि मशीन लावलं. "अरे... हे काय? शंभर टक्के? आपलं तर एक्क्याण्णवला अडकलंय."

"परतीची वाट, दोन खेळाडू," चिन्मयनं पडद्यावरची अक्षरं वाचली. "असं काही आहे यात? आदी, तुझ्या मशीनवर कुणीतरी बसतंय."

"तुझा घरमालक असणार. चावी आहे त्याच्याकडं," अमेय म्हणाला.

"ते सत्तर वर्षांचे आहेत!"

"रिटायर माणसाला दुसरं काय काम?"

घरमालक झाला, वरच्या मजल्यावरची पोरं झाली, इंटरनेटवरचे चोर झाले. दाराशी पाटावर बसलेल्या बाईचं नाव तिघांच्याही तोंडी आलं नाही. मी उघड्यावर पडून तिच्याकडं बघत होतो. मला थरथरता येतं, पण कुणी हातात धरल्याशिवाय ते कुणाला कळत नाही. मनातल्या मनात म्हणालो, बाई, आज तरी.

तिनं लसणाची ताटली खाली ठेवली.

"मी खेळले."

तिघं वळले. अमेयनं आधी पडद्याकडं, मग तिच्याकडं पाहिलं. "वहिनी, तुम्ही? पण इथं तर दोन खेळाडू लिहिलंय. कुणाबरोबर खेळलात?"

ती उठून आली, तिनं मला उचललं आणि आदिनाथसमोर धरलं. त्यानं मला हातात घेतलं. माझं रबर त्याच्या अंगठ्याला लागलं. झिजलेलं. त्याची नजर बंद घड्याळाकडं गेली, मग माझ्याकडं, आणि मग, फार सावकाश, तिच्याकडं.

"माझं म्हणणं सांगू?" ती म्हणाली. "चौथा नगं. मला तिसराच परत खेळायचाय. पण दोन्ही रिमोट आता मी एकटी नाय धरणार."