सावडीला घरचाच माणूस

आमच्या गावात सावड चालते. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. माणसामागे माणूस द्यायचा, पैशाचं नाव काढायचं नाही आणि येणारा घरचाच हवा. रोजंदारीचा गडी पाठवलेला चालत नाही.

माझे मालक कमरुद्दीन गेले तेव्हा ज्वारी काढणीला आली होती. सावडीचा म्होरक्या भागवत. तो पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मुबारकभाभी, तुमच्या घरात आता गडी न्हाई. बाईच्या बदल्यात गडी कोन देनार? तुमी सावडीत न्हाई."

पारावरचे एकेक करून उठून घरी गेले. मी आणि माझी लेक शिफा, दोघींनीच ज्वारी काढली. अर्धी तोवर पाखरांनी खाल्ली होती. मी रडले नाही. भागवतचं तोंड मात्र नीट बघून ठेवलं.

पुढे गावातली तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत गेली. भागवतचे दोन्ही मुलगेही गेले. मागे राहिल्या बाया आणि म्हातारे. गड्यांची सावड मोडली. मग मी बायांची उभी केली. आता गावातला कांदा आमच्याच हातांनी निघतो.

यंदा चैत्रात आभाळ भरून येऊ लागलं. भागवतचा कांदा अजून जमिनीत, आणि तो दरवर्षी बाहेरून आणायचा ती मजुरांची टोळी ऐन वेळी दुसरीकडे गेलेली. पाऊस लागला असता तर सगळा सडला असता. तो माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"भाभी, बाया पाठवा. दुप्पट रोज देतो."

"आमी रोजानं जात न्हाई. सावडीनं बोलवा, येतो."

"मंजूर."

"मानसामागं मानूस, भागवतराव. घरचा."

"व्हय हो! पोरं येतील की सुट्टी काढून."

पोरं दिवाळीलासुद्धा येत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शेजारची अश्विनी माझ्यावर चिडली. "चाची, त्या मानसाच्या वावरात जायाचं?"

"चल गं. जेवढ्या जास्त जाऊ तेवढं बरं."

तिच्या ध्यानात आलं आणि ती खुदकन हसली. घरोघरची बाई आली. दिवस मावळायच्या आत कांदा निघाला, पात कापून झाली, ढिगांवर ताडपत्री पडली. भागवतने हात जोडले. मी म्हटलं, "हात जोडू नका, त्ये लागनार हायत."

पहिली पाळी माझ्या कांद्याची. भागवत टेम्पोत मजूर घालून आला. मी बांधावरूनच टेम्पो परत फिरवला.

"पोरं कुठं हायत?"

"सुट्टी मिळंना."

"मालकीनबाई?"

"तिचं गुडघं धरल्यात."

"मंग तुमीच उरला की."

"भाभी, जेवढ्या बाया आल्या, तेवढं दिस मी वाकायचं?"

"रीत तुमचीच. मी कुठं बदलली?"

तो वाकला. डेअरीला दूध घालून परतणारी माणसं मोटरसायकली थांबवून बघू लागली. अश्विनी ओरडली, "भागवतबापू, कांदा उपटायचाय, गोंजारायचा न्हाई!"

मी बांधावर बसून राहिले. मला काम करता आलं असतं, पण मला बघायचं होतं.

दुपारी तो कमरेला हात लावून उभा राहिला. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. "झालं का मनासारखं, भाभी?"

"न्हाई," मी म्हटलं. "उद्या अश्विनीचं वावर. लवकर या, तिथं सावलीला झाड न्हाई."