पहिल्या मंगळवारची सभा

महिन्याचा पहिला मंगळवार आला की आयडेला टार्व्हर सकाळी सहालाच क्लबच्या स्वयंपाकघरात हजर असायची. कोंबडी तळायची, मक्याचा पाव भाजायचा, पीच घालून गोड काहीतरी करायचं. त्या दुपारी क्लबच्या माडीवर हॅलोवेल गावाच्या नळकाम परवाना मंडळाची सभा भरे आणि मंडळाचे पाचही सभासद खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते.

सभा सर्वांना खुली आहे, असं गावाच्या नियमात छापलेलं होतं. ज्याला परवाना हवा त्याने स्वतः सभेपुढे उभं राहावं, असंही छापलेलं होतं. क्लबच्या पुढच्या दाराने मात्र काळ्या माणसाने पाऊल टाकायचं नाही, हे कुठेही छापलेलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. अलाबामात १९५७ साली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काळ्या माणसाने मागच्या दाराने यायचं, तेही हातात ताट किंवा झाडू घेऊन.

आयडेलाचा नवरा होझिया गावातला सगळ्यात चांगला प्लंबर होता. युद्धात तो इटलीत होता आणि लष्कराच्या इस्पितळांना त्याने पाण्याचे नि गॅसचे नळ घालून दिले होते. हॅलोवेलच्या टेकडीवरच्या निम्म्या बंगल्यांत त्याच्याच हातचं काम होतं. पाटी मात्र त्याच्या गोऱ्या मालकाची, रॉइस हॅडॉकची, कारण परवाना हॅडॉकचा. "पाना कुठल्या टोकाला धरायचा ते साहेब अजून माझ्याकडे बघून ठरवतात," असं होझिया जेवताना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

दर वर्षी तो अर्ज द्यायचा. फेब्रुवारीच्या सभेत त्याचं नाव पुकारलं जायचं. अध्यक्ष स्ट्रिकलंड ताटातून मान वर न करता विचारायचे, "उमेदवार हजर?" कुणी दाराकडे वळूनही बघायचं नाही. "गैरहजर. पुढचं नाव." कोपऱ्यात बसलेल्या लेखनिक प्रुइटबाई तसं लिहून घ्यायच्या.

असं आठ वर्षं चाललं. आठही वर्षं आयडेला कॉफीचं भांडं घेऊन त्याच खोलीत उभी होती. घरी येऊन ती एवढंच सांगायची की यंदाही जमलं नाही. नकार त्याने पचवला असता. पण त्याचं नाव आणि 'आणखी एक तुकडा वाढ' हे एका दमात बोललं जातं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या जानेवारीत थंडी हाडापर्यंत पोचली. सॉमिल रोडवर, त्यांच्याच गल्लीत, एकाहत्तर वर्षांच्या मिस लॉटी एकट्या राहायच्या. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे धुतले आणि रविवारी चर्चमध्ये गल्लीतल्या मुलांना अक्षरं शिकवली. आयडेलाही त्यांच्याकडेच शिकली होती. त्यांच्या गॅस हीटरची विषारी धूर बाहेर नेणारी नळी गंजून फुटली होती. होझियाने ती बघितली, गॅस बंद केला आणि नळी बदलेपर्यंत हीटर पेटवू नका म्हणून बजावलं.

तासाभराचं काम होतं. पण मागच्या शरद ऋतूत चर्चमध्ये मोरी बसवून दिली म्हणून होझियाने विनापरवाना कामाबद्दल दहा दिवस तुरुंग भोगला होता, आणि पुढच्या वेळी सहा महिने, असं न्यायाधीशांनी सुनावलं होतं. तो हॅडॉककडे गेला. काम तुमच्या नावावर मांडा, मी फुकट करून देतो, म्हणाला. हॅडॉकने सांगितलं की टेकडीवरचे नळ गोठलेत, सॉमिल रोडचं सोमवारी बघू.

होझिया त्या संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघालाच होता. आयडेला दारात आडवी आली.

"सोमवारपर्यंत थांब. त्यांना आपल्याकडे झोपायला आणू."

मिस लॉटी दोन रात्री आल्या. तिसऱ्या दिवशी, लोकांच्या घरी किती दिवस पडून राहायचं, म्हणून परत गेल्या. रविवारी त्या चर्चला आल्या नाहीत तेव्हा बायका बघायला गेल्या. हीटर चालू होता, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि मिस लॉटी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं होतं: अपघात, उपकरणाचा निष्काळजी वापर. निष्काळजी कोण? तर ती म्हातारी! ज्याला काम येत होतं त्याला ते करू दिलं नाही, ज्याला करायची मुभा होती त्याला सवड नव्हती, आणि ठपका आला तो थंडीने काकडलेल्या बाईवर.

शनिवारी त्यांना पुरलं. सोमवारी, सभेच्या आदल्या दिवशी, आयडेलाने नवऱ्याला समोर बसवून आठ वर्षांचं सगळं सांगितलं.

"तू ऐकत होतीस?" होझियाने विचारलं.

"हो."

"आणि कॉफी ओतत होतीस."

"हो. आणि त्या दिवशी दारात आडवीही मीच आले."

तो उठून अंगणात गेला. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "उद्या कुठला कोट घालू?"

मंगळवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या दाराने आत आला. माडीवर नाव पुकारलं गेलं. स्ट्रिकलंडनी ताटात बघत विचारलं, "उमेदवार हजर?"

"हजर आहे," आयडेला म्हणाली.

खोलीतले काटे-चमचे थांबले. होझिया दारात उभा होता, टोपी हातात, पाठ ताठ.

स्ट्रिकलंडचा चेहरा लाल झाला. "आयडेला, खाली जा. आणि याला घेऊन जा."

"जाते, साहेब. पण आधी त्याची हजेरी लिहा. सभा सर्वांना खुली आहे, असं तुम्हीच छापलंय."

"गैरहजर लिहा," स्ट्रिकलंड लेखनिक बाईंना म्हणाले.

"लिहा, बाई," आयडेला म्हणाली. "तो तुमच्यापासून सहा पावलांवर उभा आहे. मिस लॉटी याच कारणाने गेल्या. तुम्ही सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलंत म्हणून."

त्याच दुपारी तिची नोकरी गेली, संध्याकाळच्या आत होझियाची. पुढची तीन वर्षं तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलत राहिला आणि ती इस्त्री करत राहिली. दोनदा त्यांच्या खिडकीवर दगड आले. माँटगोमेरीहून आलेल्या एका काळ्या वकिलाने खटला लढवला. कोर्टात मंडळाचं दप्तर उघडलं तेव्हा प्रुइटबाईंच्या नेटक्या अक्षरात दोन ओळी निघाल्या: अर्जदार सभेपुढे उभा होता. अध्यक्षांच्या आदेशावरून गैरहजर अशी नोंद. बाईंनी जे बघितलं ते लिहिलं होतं आणि जे सांगितलं तेही. यापलीकडे त्यांनी कधी काही केलं नाही, पण तेवढ्याने खटला फिरला.

सभा कोर्टाच्या इमारतीत, खुल्या दाराने घ्यावी, असा हुकूम झाला. होझिया परीक्षेला बसला आणि पास झाला. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता.

परवाना हातात देताना स्ट्रिकलंडनी हात पुढे केला. झालं गेलं विसरून जावं, असं काहीसं ते म्हणाले. होझियाने कागद घेतला. हाताकडे बघितलंही नाही. मागे सॉमिल रोडची चाळीसेक माणसं उभी होती. त्यांतून आयडेला पुढे आली.

"मिस लॉटींच्या कागदावर 'निष्काळजी' लिहिलंय," ती म्हणाली. "ते खोडायचंय."

"ते या मंडळाचं काम नाही, आयडेला."

"मिसेस टार्व्हर."

स्ट्रिकलंडनी इकडेतिकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. "ते आमचं काम नाही, मिसेस टार्व्हर," ते पुटपुटले. "ते आरोग्य मंडळाचं."

आयडेलाने पिशवीतून पेन्सिल काढली.

"त्यांची सभा कधी असते, तेवढं सांगा."