कराचीचं मशीन

लाऊडस्पीकरच्या मशीनमधल्या व्हॉल्व्हच्या काचेवर कुंकवाचा ओघळ, आणि ओघळाखाली केसाएवढा तडा… कुंकवाचीच रेघ असेल म्हणून कुंडलिकनं नखानं खरवडून पाहिलं. कुंकू निघालं, तडा राहिला. शेजारचा व्हॉल्व्हही तसाच. अजून चटका बसत होता हाताला. आत्ता, आत्ता दोन्ही आत लाल पेटले होते, कर्ण्यातून ती जुनी घरघर आली होती, आणि तेवढ्यात मागून आईनं, नव्या बैलगाडीवर शिंपडावं तसं, फोडलेल्या नारळाचं पाणी…

नवं कुठलं? कराचीच्या कुठल्याशा हॉटेलातून उतरवलेलं. हसननं शोधलं होतं – इंदापूरचा हसन अत्तार, फाळणीत कराचीला गेलेला; त्याआधी सात वर्षं या बारामतीत आमचं लाऊडस्पीकरचं दुकान भागीत होतं. ‘भाव हिकडच्या रुपयांत हाय, मी तरी काय करू,’ असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. त्यांच्या शंभराला आपले एकशे चव्वेचाळीस. एकाच गल्ल्यातून दोघांनी उचललेला रुपया, आता त्याचा जड आणि माझा हलका – हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आम्हाला विचारायला कुणी आलं नव्हतं. तीन वर्षं साठवले, मग हसनच्या मेव्हण्यानं बोटीतून मशीन आणलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : व्हॉल्व्ह जपून, ही घडण आता हितंबी मिळत न्हाय.

जपलेच होते की. वरचं झाकण मात्र मीच काढून ठेवलं, आतला लाल उजेड आईला दिसावा म्हणून.

“बोलत का न्हाय रं त्ये?” आईनं, प्रयागबाईंनी, विचारलं. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. हातात नारळाची वाटी, चेहऱ्यावर सगळं नीट पार पडल्याचं समाधान. “शनवारी उरूस हाय. सुपारी घेतलीस न्हवं इंदापूरकरांची?”

“व्हय,” तो म्हणाला. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. गेलो नाही तर त्या गावात पुन्हा तोंड दाखवायला नको.

सांगावं का हिला? राग यावा म्हणून त्यानं वाट पाहिली… आला असता तर बरं झालं असतं.

शेवटी तिच्याकडे पाठ करून त्यानं कर्ण्यामागचं आवाजाचं युनिट फिरवून काढलं, कर्ण्याच्या बारीक तोंडाला ओठ लावले आणि ओरडला, “हॅलो… हॅलो… ऐका हो मंडळी…” दुकानात माइक तपासताना हसन द्यायचा ती हाक. तशीच, शेवटाला लांबवलेली.

“आला की आवाज,” आई म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. “आणि एकदा लाव.”

खोबरं गोड होतं. शनिवारच्या गर्दीला हा आवाज पुरायचा नाही, हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं ओठ पुन्हा कर्ण्याला लावले… आणि ओरडता ओरडता त्याला कळलं, ही हाक इंदापूरपर्यंत पोचावी असं काही आपल्याला वाटत नाहीये. तिला त्याहून फार लांब जायचं होतं.