चिमूटभर लायल

लायल स्टेनरूड गेला, पण जाताना ऑर्विन ट्वेटच्या गळ्यात धोंड अडकवून गेला. लायलची बायको आर्डिस सकाळीच ऑर्विनच्या गॅरेजमध्ये आली आणि कामाच्या टेबलावर एक कॉफीचा डबा आणि एक सिगारची पेटी ठेवून मोकळी झाली. डब्यात खुद्द लायल होता, भट्टीतून राख होऊन निघालेला. पेटीत त्याच्या आजोबांच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या.

"शनिवारी दुपारी, वाळूच्या खाणीपाशी," आर्डिस म्हणाली. "आजोबांची रायफल, आजोबांच्याच पुंगळ्या, आणि प्रत्येक काडतुसात थोडाथोडा लायल. काडतुसं तू भरायचीस, आणि सगळ्या मित्रांनी एकेक बार काढायचा. त्यानं तसं सांगून ठेवलंय."

"पाद्री काय म्हणाला?"

"नाक मुरडलं त्यानं. मुरडू दे, तेवढंच काम आहे त्याला."

कॅनडाच्या सीमेलगत, मिल्क नदीकाठच्या त्या भागात यात नवल काहीच नव्हतं. जन्मभर बंदुकीला चिकटलेली माणसं मेल्यावर मातीत गप्प पडतील ही अपेक्षाच चुकीची. गेल्या हिवाळ्यात एक जण रानबदकांच्या मागे असाच हवेत गेला होता.

घोडं अडलं होतं पुंगळ्यांपाशी. त्या मापाच्या पुंगळ्या आता कुणीच बनवत नाही, त्यामुळे जुन्याच धुऊन, पुसून, पुन्हा भरून वापरायच्या. आणि लायलच्या आजोबांच्या काळात काडतुसाच्या बुडाला बार पेटवणारी जी टिकली बसवत, तिच्यात पारा असे. बार उडाला की तो पारा पितळात शिरतो आणि पितळ आतून पोखरतो. वरून मात्र ते चर्चमधल्या देणगीदारासारखं धडधाकट दिसतं. हे ऑर्विनचं म्हणणं. लायलला ते कधीच मान्य झालं नाही.

"आजोबा रोज संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्यात धुवायचे पुंगळ्या!" लायल कॅफेत टेबलावर मूठ आपटायचा.

"अरे गाढवा, पारा म्हणजे काय कानामागचा मळ आहे?"

"तू माझ्या आजोबांना शिकवणार?"

"ते जिवंत असते तर शिकवलंच असतं!"

तीस वर्षं हे चाललं होतं. दोघं आले की वाढणारी बाई आधी टेबलावरचे कप बाजूला सरकवायची.

आर्डिस गेल्यावर ऑर्विननं भिंग लावून एका पुंगळीचं बूड पाहिलं. कारखान्याची दोन अक्षरं, खाली माप. मग पक्कड घेऊन तोंडाशी अलगद दाबलं. चांगलं पितळ दबतं. ही पुंगळी पापडासारखी मोडली. दुसरीही मोडली. तिसरीला तर नुसता धक्का पुरला.

म्हणजे ऑर्विन जिंकला होता. तो फोन करायला उठलासुद्धा, आणि अर्ध्या वाटेत थांबला. फोन करायचा कुणाला? ज्याचं नाक खाली करायचं तो टेबलावर डब्यात होता. असलं जिंकणं कुत्र्यानंही खाल्लं नसतं.

आता करायचं काय? आर्डिसला खरं सांगावं, तर तिला वाटणार हा मेलेल्या माणसाशीही भांडायला आला. न सांगता याच भराव्या, तर शनिवारी पुंगळी फुटून कुणाचा तरी डोळा जाणार. दुसऱ्या मापाच्या नव्या पुंगळ्या ठोकून-ओढून बसवता आल्या असत्या, पण ते लपलं नसतं. ही माणसं लग्नाच्या जेवणात चमचेही उलटे करून छाप वाचतात. बार उडाला की धूर विरायच्या आत पुंगळी उचलणार आणि बूड बघणार.

एकच वाट होती, आणि ती फ्रीजरमध्ये हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली होती. त्याच कारखान्याच्या, त्याच अक्षरांच्या पुंगळ्यांचा एक खोका. सगळ्या कोऱ्या, टिकली कधी लागलीच नाही. एका मेलेल्या दुकानदाराच्या सामानाच्या लिलावात मिळालेला, वरचा सीलचा कागदी पट्टा अजून जसाच्या तसा. इथला माणूस ट्रक विकेल, वेळ आली तर शेतही विकेल, पण असलं सील तोडणार नाही; ते तुटलं की खोक्याची किंमतच गेली. कुणी मागू नये म्हणून ऑर्विननं कुणाला सांगितलंही नव्हतं. फक्त लायलला ठाऊक होतं.

"एक तरी काढ रे," लायल विनवायचा. "आजोबांच्या रायफलीतून बार कसा निघतो ते ऐकू दे."

"मी मेल्यावर घे."

"तू कसला मरतोस! मरायलाही काहीतरी सोडावं लागतं."

ऑर्विननं खोका टेबलावर आणला आणि चाकू हातात घेतला. मग कॉफीच्या डब्याकडे बघून एक सणसणीत शिवी हासडली आणि सील कापलं.

पितळ मऊ पडावं म्हणून त्यानं पुंगळ्यांच्या माना ज्योतीवर तापवल्या, काळपट लाली येताच पाण्यात पाडल्या. टिकल्या बसवल्या, दारू मोजून भरली, वर चिमूटभर लायल आणि त्यावर शिशाची गोळी. मोडक्या पुंगळ्या जुन्या मोज्यात बांधून त्यानं भंगाराच्या पिंपात टाकल्या.

शनिवारी वारा छान होता. एकेक जण पुढे येत गेला, पांढऱ्या धुराचे ढग उठत गेले आणि लायल हप्त्याहप्त्यानं कॅनडाकडे सरकत गेला. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेल्या गेलननं अपेक्षेप्रमाणे पुंगळी उचलली, चष्मा चढवला आणि ओरडला, "तीच अक्षरं! आणि तडा नाही की चीर नाही! काय रे ऑर्विन? तीस वर्षं त्या बिचाऱ्याचं डोकं खाल्लंस. बोल की आता!"

सगळे वळले. पाद्रीसुद्धा.

"लायलचं बरोबर होतं," ऑर्विन पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!"

"लायलचं बरोबर होतं, बहिऱ्या!"

टाळ्या पडल्या. ऑर्विनला आपला एक दात उपटल्यासारखं वाटलं. पण मित्रासाठी उपटला होता.

ट्रकचं मागचं फळकूट पाडून आर्डिस केक वाढत होती. ऑर्विनच्या हातात बशी देताना तिनं हळूच विचारलं, "किती मोडल्या?"

"काय मोडलं?"

"माझ्यापुढे नाटक नको. पाच वर्षांपूर्वी लायलनंच एकीला पक्कड लावली होती. कचकन तुकडा पडला. तीन दिवस धड जेवला नाही तो."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुला? मरण पत्करलं असतं त्यानं. तेच केलं की शेवटी."

"अगं, मग ही असली शेवटची इच्छा कशाला?"

"म्हणाला, ऑर्विन काही मित्रांचे डोळे फुटू देणार नाही. आधी पक्कड लावेल, मग मला शिव्या घालेल आणि मग फ्रीजर उघडेल. जिवंतपणी विनवून काही उपयोग झाला नाही, आता बघतो कसा उघडत नाही ते."

ऑर्विननं बशी खाली ठेवली. खाणीच्या कडेपर्यंत तो ताडताड चालत गेला आणि उत्तरेकडे तोंड करून सुटला. लबाड म्हणाला, चोर म्हणाला, लायलचा आजोबा काढला, त्याचा साबण काढला, शंभर वर्षं टिकलेल्या सीलचा हिशेब मागितला. पाद्रीनं टोपी कानांवर ओढून घेतली. शिव्या देतादेता ऑर्विनचे डोळे वाहायला लागले, तरी तो थांबला नाही. दम संपल्यावर त्यानं कंबरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली आणि तीस वर्षांच्या सवयीनं उत्तराची वाट बघत उभा राहिला.