हर्मालाचा उबदार दगड

बुधवार आला की हर्मालाच्या जंगलातल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. फेब्रुवारीचा महिना, पारा उणे बावीसवर, पाईनच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने जमिनीला टेकलेल्या. त्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यात एकच दगड उघडा होता. छोट्या मोटारीपेक्षा थोडा लहान, गुलाबी, खांद्याइतका उंच. त्याच्या माथ्यावर बर्फ टिकत नसे. माणसं एकेक करून पुढे यायची, हातमोजा काढायची आणि तळवा दगडावर टेकवायची. दगड उबदार लागायचा. काही जण तिथेच रडायचे. एका लाकूडतोड्याचा आखडलेला खांदा मोकळा झाला होता. एका बाईला सहा वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली होती.

दगडाशेजारी ताइस्तो हेपोला उभा असायचा. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून येऊन त्याने ही झोपडी घेतली होती. आवाज मऊ, दाढी विंचरलेली. हात हातात घेऊन तो प्रत्येकाचं नाव विचारायचा आणि पुढच्या वेळी ते लक्षात ठेवायचा.

"या दगडात घड्याळ आहे," तो सांगायचा. "साडेतीन अब्ज वर्षं चाललेलं. हे मी म्हणत नाही, शास्त्रज्ञांनी मोजलंय. ते घड्याळ चालतं तेव्हा त्यातून ऊब निघते. तुम्ही हात ठेवलात की तुमचं घड्याळ त्याच्याशी जुळतं आणि हळूहळू मागे फिरायला लागतं. गुडघे मागे जातात, काळीज मागे जातं. फक्त गोळ्याबिळ्यांची लुडबुड मध्ये नको. दोन घड्याळं एकदम कशी लावणार?"

मग तो सगळ्यांना झोपडीत नेऊन कॉफी द्यायचा. भिंतीवर काचेच्या चौकटीत एका जुन्या शास्त्रीय नियतकालिकाचं पान लावलेलं होतं. त्यात हर्मालाच्या खडकाचं वय होतं, आणि ते मोजणारीचं नाव: सिल्व्ही कारहापुरो.

सिल्व्हीने ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कॉफीचा कप हातात धरून बराच वेळ उभी राहिली. वय एकाहत्तर. लग्न केलं नव्हतं. चाळीस वर्षं दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत खडकांची वयं मोजण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ती वडिलांच्या घरी परत आली. गावात तिला पाठीमागे 'दगडवाली' म्हणत. तरुणपणी ती इथल्याच रस्त्याच्या कडेचा करडा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक हातोड्याने फोडून पोत्यात भरून घेऊन गेली होती. त्याचा भुगा करून, चाळून, धुऊन, वाळूपेक्षा बारीक असे झिरकॉनचे स्फटिक तिने सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक वेचले होते. दीड वर्षाचं काम. तो आकडा आला त्या दिवशी सांगायला तिच्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून तिने आईला फोन केला होता. आईने विचारलं होतं, तिकडे जेवतेस ना वेळेवर.

गावातल्या एकाही माणसाने तिला त्या आकड्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. आणि आता तेच नाव भिंतीवर होतं, आणि माणसं तिच्याकडे वळून बघत होती. "हे तुमचंच ना?" असं लाकूडतोड्याने आदराने विचारलं. ती हो म्हणाली.

दगड पाहताक्षणी तिला कळलं होतं की तो खोटा आहे. तिने मोजलेला खडक करडा होता आणि तो सगळ्यांच्या पायाखाली, बर्फाच्या खाली पसरला होता. हा गुलाबी दगड दुसराच, वयाने जवळजवळ निम्मा. बर्फयुगात हिमनदीने कुठूनतरी ओढत आणून टाकलेला. आणि ऊब? खडकातल्या युरेनियमचं विघटन होताना उष्णता निघते खरी, पण किती? असले लाख दगड एकत्र आणले तरी एक कप कॉफी उकळायला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. एवढं सगळं तिला ठाऊक होतं, तरी ती तीन बुधवार तिथे गेली, कॉफी प्यायली आणि गप्प बसली.

तिच्या शेजारी एल्मा राहायची. अठ्ठ्याहत्तरीची, नवरा गेलेला, दोन्ही मुलं स्वीडनमध्ये. दोन घरांमध्ये हाकेचं अंतर होतं, पण हिवाळ्यात आठ-आठ दिवस भेट व्हायची नाही. ताइस्तोचा दगड सापडल्यापासून एल्मा बदलली होती. बुधवारी ती ठेवणीतला स्वेटर घालायची आणि आदल्या दिवशी बनपाव भाजायची. तळ्याकाठची आपली जमीन ताइस्तो काढू पाहत असलेल्या आश्रमाला द्यायची असंही ती आता बोलू लागली होती.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी सिल्व्ही दूध द्यायला तिच्याकडे गेली. बोलता बोलता एल्माच्या हातून कप सुटला. तिच्या तोंडाची एक बाजू ओघळली आणि शब्द जिभेवर घोटाळले. सिल्व्हीने तिला धरून बाकावर बसवलं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, जणू काही घडलंच नव्हतं. सिल्व्हीने गोळ्यांचं विचारलं. एल्माचे ठोके अनियमित होते, आणि रक्तात गाठ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिला रोजची गोळी दिलेली होती. कपाटाच्या खणात नाताळापासूनच्या सगळ्या पट्ट्या तशाच पडलेल्या होत्या.

सिल्व्हीने आरोग्य केंद्रात फोन केला. नर्सने सांगितलं, आत्ताच्या आत्ता घेऊन या. एल्मा उठायलाच तयार नव्हती. तिने ताइस्तोला फोन केला, आणि त्याने तिला समजावलं की दगड आतला गंज बाहेर काढतोय, असं होणारच, घाबरू नका, बुधवारी जरा जास्त वेळ हात ठेवा. एल्मा ते ऐकून समाधानाने हसली. सिल्व्हीला तो हसरा, नुकताच सावरलेला चेहरा बघवेना. ती घरी आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली, आणि आपण तीन आठवडे कशासाठी गप्प होतो याचं उत्तर तिने स्वतःलाच दिलं. ते चांगलं नव्हतं.

मंगळवारी ताइस्तो सामान आणायला शहरात गेल्याचं पाहून ती भिंग घेऊन दगडापाशी गेली. माणसं नेहमी समोरून हात लावत. ती मागच्या बाजूला गेली. तिथे जमिनीजवळ शेवाळाचा एक गुबगुबीत गोळा होता. दगडावर बाकी सगळीकडे खरखरीत, चिकटून बसलेलं दगडफूल होतं. हे शेवाळ मात्र दलदलीतलं होतं. ते खडकावर कधी उगवत नाही. तिने बोटाने ते बाजूला केलं. आत अंगठ्याएवढं गोल भोक होतं, यंत्राने पाडलेलं, आणि त्यात काळी तार शिरलेली. तिथून झोपडीमागच्या लाकूडफाट्याच्या खोपटापर्यंत बर्फ एका सरळ रेषेत वीतभर खचलेला होता. तिने शेवाळ होतं तसं परत लावलं.

बुधवारी चाळीसेक माणसं जमली होती. आभाळ भरलेलं होतं आणि बारीक बर्फ भुरभुरत होता. ताइस्तोचं बोलून झाल्यावर सिल्व्ही पुढे आली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती.

"भिंतीवरचा आकडा माझा आहे," ती म्हणाली. "पण तो या दगडाचा नाही. तो तुम्ही उभे आहात त्या खडकाचा आहे." मग तिने सांगितलं की झिरकॉनचा स्फटिक बनतो तेव्हा तो युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. पुढे त्या युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. थंडी पडो वा ऊन, वेग बदलत नाही. म्हणून शिसं किती झालं आणि युरेनियम किती उरलं हे मोजलं की वय कळतं. "याला आम्ही घड्याळ म्हणतो ते बोलण्यापुरतं. त्याने कुणाचे गुडघे मागे जात नाहीत. आणि त्याच्या उष्णतेने बर्फाचा एक कणसुद्धा वितळताना तुम्हाला दिसणार नाही."

ताइस्तो रागावला नाही. तो हळुवार हसला.

"सिल्व्हीबाई, तुम्ही जन्मभर दगड मोजलेत," तो म्हणाला. "तुमच्या टेबलाशी बसायला कोण आहे? इथे या लोकांना एकमेकांची सोबत मिळते, ती तुम्हाला खुपते आहे."

सिल्व्ही मागे हटली नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "खरं आहे. म्हणूनच भिंतीवर माझं नाव पाहून मला बरं वाटलं आणि मी तीन आठवडे तोंड मिटून बसले. ते माझं चुकलं. तुम्हालाही इथे बरं वाटतं. पण बरं वाटणं हा पुरावा नाही. मला एकच करून बघायचंय. मागच्या खोपटात एक प्लग आहे. तो तासभर काढून ठेवू. ऊब दगडाची असेल तर ती कुठे जाणार नाही."

ताइस्तोने लगेच सांगितलं की दगडाला शंका सोसत नाही, शंका घेतली की तो मिटून जातो. खोपटाला कुलूप आहे, किल्ली हरवली आहे, असंही तो म्हणाला. तेवढ्यात एल्मा काठी टेकत निघाली. ती सिल्व्हीकडे रागाने बघत होती.

"तासभरच ना?" ती म्हणाली. "मग होऊन जाऊ दे. म्हणजे हिचं तोंड एकदाचं बंद होईल."

खोपटाला कुलूप नव्हतं. एल्माने आत जाऊन प्लग काढला आणि ती बाहेर आली. मग सगळे दगडाभोवती उभे राहिले. झोपडीत कॉफी तयार होती, पण कुणी आत गेलं नाही. बर्फ पडत होता. पहिली वीसेक मिनिटं दगडावर पडलेला प्रत्येक कण विरघळून ओल होत होता. मग ती ओल गोठू लागली. लाकूडतोड्याने पुढे होऊन तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि परत हातमोजा चढवला. तासाच्या आतच दगडाच्या माथ्यावर बर्फाचा पातळ थर धरला होता. आता तो जंगलातल्या इतर कुठल्याही दगडासारखा दिसत होता.

सिल्व्हीने मागचं शेवाळ काढून तार ओढून दाखवली. ती काय आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. पाणी गोठू नये म्हणून अशी तापणारी तार इथे घरोघरी नळाला गुंडाळलेली असते. ताइस्तो काहीतरी समजावत होता, पण लोक गाड्यांकडे निघाले होते. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, आणि सिल्व्हीचे आभारही मानले नाहीत. शेवटची गाडी गेल्यावर एल्मा म्हणाली, "माझा बुधवार घालवलास." आणि सिल्व्हीच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. सिल्व्हीने तिला थेट आरोग्य केंद्रात नेलं.

आठवड्याभरात ताइस्तो झोपडी बंद करून निघून गेला. एल्माच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. नर्सकडून ते सिल्व्हीला कळलं, कारण एल्मा दार उघडत नव्हती.

मग सिल्व्हीने गावच्या सभागृहातली लहान खोली बुधवारी दुपारसाठी मागून घेतली. दारावर कागद लावला की इथे कॉफी मिळेल. पहिल्या बुधवारी ती दोन तास एकटी बसली. दुसऱ्या बुधवारी लाकूडतोड्या दारापर्यंत आला, आत डोकावला आणि घाई आहे म्हणून गेला. तिसऱ्या बुधवारी एल्मा आली. तिने कोट काढला नाही. समोरच्या खुर्चीवर बसून तिने कप पुढे सरकवला.

"दगडांचं काही सांगायचं नाही," ती म्हणाली.

सिल्व्हीने मान हलवली आणि कॉफी ओतली. त्या दिवशी त्या दोघीच होत्या, आणि बाहेर चार वाजेपर्यंत बर्फ पडत राहिला.

एखादी गोष्ट गरम लागली तर ती कशाने गरम आहे हे विचारावं. ज्याला विचारलेलं चालत नाही, त्याच्या दाराशी थांबू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल तर आपण वेळेवर त्याच्या दारावर थाप मारावी. आपण नाही मारली, तर भोंदू मारतो.